बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत गुठळी: ती होते कशी, धोका कुठे असतो आणि औषध नेमकं काय करतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकट्या बहिणीचं वय ३२. सिझेरियन झालं, सगळं नीट पार पडलं. अठराव्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली आणि दोन दिवसांत पाय मांडीपर्यंत सुजला. सोनोग्राफीत मांडीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. पोटावर इंजेक्शनं चालू आहेत, पुढे गोळ्या द्यायच्या आहेत, किमान तीन महिने. डॉक्टर म्हणतात चालू द्या, घरचे म्हणतात उठलीस तर गुठळी सुटेल. इतक्या धडधाकट मुलीला हे झालं कसं, औषधाने गुठळी विरघळते का, आणि ती छातीत गेली तर काय होतं?

बहिणीला चालू द्या. इंजेक्शनाचा डोस पूर्ण आणि वेळेवर मिळत असेल, तिला धाप लागत नसेल, चक्कर येत नसेल, तर पलंगाला खिळवून ठेवण्याने काहीच साधत नाही. पूर्वी अशा पेशंटना आठवडाभर पाय उंच करून पडून राहायला सांगत. नंतर पडून राहणारे आणि औषध सुरू होताच चालू लागणारे अशा दोन्ही गटांची तुलना झाली, तेव्हा चालणाऱ्यांमध्ये गुठळी सुटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. उलट त्यांच्या पायाची सूज आणि दुखणं लवकर कमी झालं. पाय मात्र चोळू नका, दाबू नका, मालीश करू नका. ते खरोखर धोक्याचं आहे, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत.

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण ती समजली की बाकीच्या सूचना आपोआप पटतात. शिरेतली गुठळी एकदाच तयार होऊन तिथे पडून राहिलेली वस्तू नसते. ती जिवंत प्रक्रिया असते. एका टोकाला ती वाढत असते, त्याच वेळी शरीर तिला दुसरीकडून मोडत असतं. आजार आणि उपचार, दोन्हींचा हिशेब या दोन वेगांवर चालतो.

रक्त गोठण्याची सोय शरीरात चोवीस तास तयार असते. भाजी चिरताना बोट कापलं की काही मिनिटांत रक्त थांबतं ते याच सोयीमुळे. रक्तवाहिनीच्या भिंतीबाहेर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन असतं. रक्ताचा त्याच्याशी संबंध आला की एकामागून एक घटक जागे होतात आणि शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. हे थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे धागे बनवतं, त्या फायब्रिनच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी बनते. या यंत्रणेला आवर घालणारी माणसंही शरीराने नेमलेली आहेत: अँटीथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस. त्यावर आणखी एक, प्लाझ्मिन, जे बनलेलं जाळं कुरतडून मोकळं करतं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर निरोगी असेल तर ते स्वतःच गोठण्याला विरोध करत असतं. म्हणून एरवी आपलं रक्त वाहतं राहतं.

शिरेत हे संतुलन कुठे बिघडतं, ते फार नेमकं माहीत आहे. पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर हृदयाकडे न्यायचं असतं. हृदयाचा जोर तिथपर्यंत उरत नाही. ते काम पोटरीचे स्नायू करतात: आपण पाऊल टाकतो, स्नायू आवळतात, खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये नाजूक झडपा असतात. प्रत्येक झडपेच्या मागे एक छोटासा खिसा असतो. माणूस हालचाल न करता पडून राहिला की या खिशातलं रक्त बदलत नाही, तिथला प्राणवायू घटतो, अस्तराच्या पेशी त्यामुळे चिडतात आणि गोठण्याच्या घटकांना जागा मिळते. बहुतेक गुठळ्यांची सुरुवात पोटरीतल्या शिरांमध्ये, अशाच झडपांच्या खिशांत होते. सुरुवातीला ती इतकी लहान असते की पेशंटला काही कळत नाही. पुष्कळदा ती तिथेच विरघळूनही जाते.

विरघळली नाही तर ती प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे हृदयाकडे वाढते. एक टोक भिंतीला चिकटलेलं, दुसरं वाहत्या पाण्यातल्या शेवाळाच्या शेपटीसारखं रक्तात मोकळं डोलणारं. ही शेपटी सगळ्यात ताजी आणि सगळ्यात ठिसूळ असते. पायाचं दुखणं आणि सूज शीर बंद झाल्याने येते. जीवाचा धोका या मोकळ्या टोकापासून असतो. म्हणून कधीकधी ज्याचा पाय फारसा सुजलेलाच नाही, अशा माणसाची गुठळी जास्त धोकादायक निघते. शीर पूर्ण बंद झालेली नसते, रक्त बाजूने वाहत असतं आणि शेपटी त्यात हलत असते.

जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खो यांनी १८५६ मध्ये दाखवून दिलं की फुप्फुसाच्या धमनीत सापडणारी गुठळी बहुधा तिथे बनलेली नसते, ती दूरच्या शिरेत बनून वाहत आलेली असते. शिरेत गुठळी होण्यामागची जी तीन कारणं आजही त्यांच्या नावाने शिकवतात, ती अशी: रक्ताचा प्रवाह मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. आजही कोणत्याही पेशंटला गुठळी का झाली हे शोधताना मी मनातल्या मनात हे तीन रकाने भरत जातो.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत तिन्ही रकाने भरलेले आहेत. गरोदरपणात निसर्ग बाईचं रक्त मुद्दाम घट्ट गोठणारं करतो, कारण प्रसूतीच्या वेळी वार सुटली की मोठा रक्तस्राव होऊ शकतो. फायब्रिनोजेन आणि गोठवणारे इतर काही घटक वाढतात, आवर घालणारं प्रोटीन एस कमी होतं. ही वाढ बाळंतपणानंतर लगेच उतरत नाही. काही आठवडे टिकते. वाढलेल्या गर्भाशयाने ओटीपोटातल्या शिरांवर दाब येतो आणि पायातून वर येणारं रक्त मंदावतं. सिझेरियन म्हणजे ओटीपोटातली शस्त्रक्रिया, म्हणजे शिरांच्या आसपास इजा आणि सूज. आणि मग टाके दुखतात म्हणून पडून राहणं. नऊ महिन्यांच्या गरोदरपणापेक्षा बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे या बाबतीत दिवसागणिक जास्त जोखमीचे असतात. नेमक्या त्याच काळात घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. आईचा पाय दुखतोय म्हटलं तर अशक्तपणा आहे, अवघडल्यासारखं झालं असेल, असं म्हणून विषय संपतो. हे मला फार खुपतं.

डावाच पाय का, असंही तुमच्या मनात आलं असेल. पोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून ओलांडून जाते आणि तिला मागच्या मणक्यावर दाबते. काही जणांमध्ये हा दाब जन्मापासूनच जास्त असतो. गरोदरपणात गर्भाशयाचं ओझं त्यात भर घालतं. म्हणून गरोदर आणि बाळंत स्त्रियांमध्ये खोल शिरेतली गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात सापडते, आणि पुष्कळदा पोटरीऐवजी थेट मांडी किंवा ओटीपोटातल्या शिरेत. बहिणीची सूज मांडीपर्यंत चढली, ते याच चित्रात बसतं.

बाकी ज्यांना हा आजार होतो त्यांच्यात खुब्याची किंवा गुडघ्याची सांधाबदल शस्त्रक्रिया झालेले, पायाला प्लास्टर असलेले, एखाद्या मोठ्या आजारासाठी रुग्णालयात पडून असलेले, कर्करोगाचे रुग्ण, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया, फार लठ्ठ व्यक्ती आणि पूर्वी एकदा गुठळी होऊन गेलेले लोक येतात. वय वाढतं तशी जोखीम वाढते. चार तासांपेक्षा लांबचा बसून केलेला प्रवास जोखीम दुपटीच्या आसपास नेतो, पण मुळात ती इतकी कमी असते की तरुण निरोगी माणसाने प्रवासाची धास्ती घ्यायचं कारण नाही. अधूनमधून उठावं, पोटऱ्या हलवाव्यात, एवढं पुरे. प्रवासाच्या गुठळीवर लोक खूप बोलतात आणि रुग्णालयातल्या गुठळीवर फार कमी, खरं तर दुसरी कितीतरी जास्त माणसं मारते आणि बरीचशी टाळता येते. शस्त्रक्रियेआधी ‘गुठळी होऊ नये म्हणून मला काही इंजेक्शन देणार आहात का?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. तो उद्धटपणा मुळीच नाही.

कर्करोगाबद्दल एक वाक्य जास्त. फ्रेंच वैद्य आर्मां ट्रूसो यांनी १८६५ मध्ये या दोन आजारांचा संबंध मांडला होता. पुढे त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली, तेव्हा त्यांनी तिचा अर्थ ओळखला. १८६७ मध्ये ते जठराच्या कर्करोगाने गेले. चाळिशी-पन्नाशीपुढच्या माणसाला काहीही कारण नसताना गुठळी झाली आणि सोबत वजन उतरतंय, भूक गेलीय, असं असेल तर त्या दिशेने तपासावं लागतं. तुमच्या बहिणीला मात्र कारण समोर आहे. तिचं स्कॅनवर स्कॅन करण्याची गरज नाही.

लक्षणांकडे येतो, कारण हे वाचणाऱ्या इतर कुणाचा तरी पाय या क्षणी दुखत असेल. शब्द लक्षात ठेवा: एकच पाय. दोन्ही पाय सारखे सुजले तर बहुधा हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तदाबाची एखादी गोळी यांकडे बघतो. एका पायाची पोटरी नव्याने दुखते, दाबली की जास्त दुखते, पाय जड वाटतो, त्वचा किंचित गरम आणि लालसर किंवा निळसर दिसते, तर त्याच दिवशी दाखवा. मी टेप घेऊन मोजतो. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीचं जे टोक हाताला लागतं, तिथून दहा सेंटिमीटर खाली खूण करायची आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर घ्यायचा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला की शंका गडद होते. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का बघण्याची जुनी चाचणी मात्र बिनभरवशाची आहे. तिच्यावरून कुणी ‘काही नाही’ म्हटलं तर समाधान मानू नका. स्नायू फाटणं, गुडघ्यामागची गाठ फुटणं, त्वचेखालचा जंतुसंसर्ग हे सगळे हुबेहूब असेच दिसू शकतात, आणि नुसत्या डोळ्यांनी यातला फरक करणं अनुभवी डॉक्टरलाही जमत नाही.

डी-डायमर नावाची रक्तचाचणी अनेकांना करून आणायला सांगतात. गुठळी मोडताना फायब्रिनचे जे तुकडे रक्तात येतात, ते ती मोजते. शंका कमी असताना ही चाचणी निगेटिव्ह आली तर गुठळी नाही असं निर्धास्तपणे म्हणता येतं. तिचा खरा उपयोग एवढाच आहे. पॉझिटिव्ह आली म्हणजे गुठळी आहे असं होत नाही. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, कर्करोग, गरोदरपण, नुसतं वाढलेलं वय, यांपैकी कशानेही ती वाढते. बाळंतपणानंतर काही आठवडे ती वाढलेलीच असते, म्हणून तुमच्या बहिणीच्या डॉक्टरांनी ती न करता थेट सोनोग्राफी केली असेल तर बरोबरच केलं.

ही सोनोग्राफी बघण्यासारखी असते. जांघेत प्रोब ठेवला की पडद्यावर दोन काळी वर्तुळं शेजारी शेजारी दिसतात. एक ठोक्याबरोबर उडतं, ती धमनी. दुसरं शांत, ती शीर. मग प्रोबने हलकासा दाब द्यायचा. निरोगी शीर लगेच चपटी होते, भिंतीला भिंत टेकते आणि वर्तुळ नाहीसं होतं. दाब सोडला की पुन्हा उघडतं. गुठळी असेल तर शीर दबतच नाही. ताजी गुठळी पडद्यावर पुष्कळदा काळीच दिसते, वाहत्या रक्तासारखी, त्यामुळे ‘दिसते का’ यापेक्षा ‘दबते का’ याला जास्त महत्त्व आहे. जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत असं टप्प्याटप्प्याने दाबत खाली जायचं. पहिली तपासणी नॉर्मल आली पण शंका दाट असली तर आठवड्याने पुन्हा करतात, कारण पोटरीतली छोटी गुठळी पहिल्या वेळी निसटू शकते आणि त्या आठवड्यात वर चढू शकते.

आता छातीचा प्रश्न. शेपटीचा तुकडा सुटला तर तो मांडीच्या शिरेतून पोटातल्या मोठ्या शिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि पुढे फुप्फुसाच्या धमनीत जातो. वाटेत शिरा मोठ्या मोठ्या होत जातात, त्यामुळे तो कुठे अडत नाही. फुप्फुसात धमन्या बारीक होत जातात, तिथे अडकतो. यालाच पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. तुकडा छोटा असेल तर फुप्फुसाच्या कडेपर्यंत जातो. तिथल्या आवरणाला इजा होते आणि श्वास आत घेताना बरगडीखाली टोचल्यासारखं दुखतं, कधी थुंकीतून रक्त पडतं. तुकडा मोठा असेल तर तो मुख्य फाट्यांवरच अडतो. तेव्हा छातीत फारसं दुखतही नाही, नुसती धाप लागते, नाडी धावते, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा माणूस कोसळतो. म्हणजे दुखणं कमी म्हणून धोका कमी, असं समीकरण इथे लागू होत नाही.

माणूस दगावतो तो बहुधा हृदयाची उजवी बाजू थकल्याने. उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते, कमी दाबाविरुद्ध काम करायची तिला सवय असते. पुढची वाट अचानक बंद झाली की तो कप्पा फुगतो, मधला पडदा डावीकडे ढकलतो, डाव्या कप्प्यात रक्त कमी येतं आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये) गुठळी दिसल्यावर आम्ही इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून उजवा कप्पा बघतो, रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, बघतो. रक्तदाब नीट आणि उजवा कप्पाही ठीक असेल तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर बहुतेक पेशंट बरे होतात. रक्तदाब पडत असेल तरच गुठळी वितळवणारं जोरदार औषध देतात. ते सरसकट सगळ्यांना का देत नाहीत, असं नातेवाईक हमखास विचारतात. त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि ताजी शस्त्रक्रिया झालेली असेल तर जखमेतूनही. जीव जाण्याची भीती समोर असेल तेव्हाच तो धोका पत्करण्यासारखा असतो.

बहिणीच्या बाबतीत तुम्ही एवढं ठरवून ठेवा: नव्याने धाप, श्वास घेताना छातीत टोचणं, कारण नसताना धडधड, चक्कर किंवा थुंकीत रक्त यांपैकी काहीही झालं तर उद्याची वाट न बघता, रात्र असली तरी, आपत्कालीन विभागात न्यायचं. ‘जिना चढल्यावर थोडी धाप लागते, बाकी काही नाही’ हे वाक्यही पुरेसं कारण आहे.

औषध विरघळवतं का? नाही. हेपरिन, वॉरफरिन, रिव्हारॉक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन, यांतलं रक्त पातळ करणारं कुठलंही औषध गुठळी वितळवत नाही. ती गोठण्याची साखळी तोडतात, त्यामुळे गुठळीत नवी भर पडत नाही. मोडण्याचं काम शरीरातलं प्लाझ्मिन आधीपासून करतच असतं. आता समोरून भर थांबली की त्याची सरशी होते. एवढ्यानेही किती फरक पडतो, हे १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बॅरिट आणि जॉर्डन या दोन डॉक्टरांनी दाखवलं. फुप्फुसात गुठळी गेलेल्या पेशंटपैकी औषध न मिळालेल्या १९ पैकी ५ जण त्याच आजाराने दगावले. औषध मिळालेल्या १६ पैकी एकही नाही. फरक इतका ढळढळीत होता की औषध न देता तुलना करणं त्यांना पुढे योग्य वाटलं नाही.

तीन महिन्यांचा हिशेब यातूनच येतो. पहिले काही आठवडे गुठळी ताजी असते, तिच्या पृष्ठभागावर थ्रॉम्बिन जागं असतं. औषध सोडलं की तिथेच नवी भर सुरू होते. हळूहळू शिरेचं अस्तर तिच्यावर पसरतं, उरलेला भाग विरतो किंवा भिंतीत मुरून चट्टा होतो, बाजूच्या शिरा मोठ्या होऊन रक्ताला वाट करून देतात. याला साधारण तीन महिने लागतात. पायाची सूज पंधरा दिवसांत उतरली म्हणून औषध थांबवणारे पेशंट मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही धाप लागून परत आलेलेही पाहिले आहेत. तीन महिन्यांनंतरही सोनोग्राफीत थोडा जुना अवशेष दिसू शकतो. त्याने घाबरू नका. चट्टा आणि ताजी गुठळी या वेगळ्या गोष्टी आहेत.

बहीण बाळाला अंगावर पाजत असेल तर औषधाची निवड महत्त्वाची आहे. एनॉक्सापॅरिनसारखी हेपरिनची इंजेक्शनं आणि वॉरफरिनची गोळी, दोन्ही चालतात. बाळाला त्रास होईल इतकं औषध दुधात उतरत नाही. रिव्हारॉक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्या एरवी फार सोयीच्या आहेत, वारंवार रक्त तपासावं लागत नाही, पण अंगावर पाजत असताना त्या टाळतात. म्हणून गोळी लिहून देताना ‘ही पाजते आहे’ हे प्रत्येक डॉक्टरला आठवणीने सांगा. एनॉक्सापॅरिनचा नेहमीचा उपचाराचा डोस वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, असा असतो; मूत्रपिंड कमजोर असेल तर तो बदलतो.

वॉरफरिन सुरू झालं की इंजेक्शन लगेच बंद करायचं नाही. किमान पाच दिवस दोन्ही बरोबर चालतात, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा रक्तचाचणीतला आकडा) २ च्या वर जाऊन एक दिवस टिकल्यावरच इंजेक्शन थांबतं. अनेक घरांत इंजेक्शनाचा वैताग येऊन पहिली गोळी घेतली त्याच दिवशी ते बंद होतं. हे फार महागात पडतं. वॉरफरिन गोठवणाऱ्या घटकांबरोबर आवर घालणारं प्रोटीन सीसुद्धा कमी करतं, आणि ते लवकर कमी होतं. प्रोथ्रॉम्बिन उतरायला मात्र काही दिवस लागतात. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत एकट्या वॉरफरिनवर रक्त उलट जास्त गोठू शकतं. त्या पोकळीत इंजेक्शन संरक्षण देतं. नंतर आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा. हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं. त्या बंद करू नका, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. कुठलंही अँटिबायोटिक सुरू झालं तर आयएनआर लवकर तपासून घ्या, कारण तो एकदम वाढू शकतो.

टाके दुखतात म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या स्वतःहून घेऊ देऊ नका. या औषधांबरोबर जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. पॅरासिटामॉल बरं. काळं डांबरासारखं शौच, न थांबणारा नाकातला रक्तस्राव, लघवीत रक्त, अंगावरून नेहमीपेक्षा खूप जास्त जाणं, डोक्याला मार लागणं, यांत लगेच दाखवायचं. डोक्याला मार लागला आणि वरून काही दिसत नसलं, तरीही.

बाळंतपणानंतरची म्हणून आणखी एक सूचना. मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरांमध्येही याच काळात गुठळी होऊ शकते. नव्याने सुरू झालेली, रोज वाढत जाणारी, आडवं झाल्यावर जास्त दुखणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, उलट्या, झटका, हाताची ताकद जाणं, यांतलं काही झालं तर ‘झोप नाही म्हणून डोकं दुखतंय’ असं समजू नये. पाठीतून भूल दिल्याने होणारी डोकेदुखी याच्या उलट वागते. ती उठून बसल्यावर वाढते आणि आडवं झाल्यावर शमते.

पायाचं पुढे काय होतं, हे कुणी फारसं सांगत नाही. गुठळी विरली तरी तिने झडपांचं नुकसान केलेलं असू शकतं. मग रक्त खाली साचत राहतं, संध्याकाळी पाय जड होतो, घोटा सुजतो, महिन्या-वर्षांनी घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा काळवंडते, कडक होते आणि काहींना तिथे सहज न भरणारी जखम होते. मांडी आणि ओटीपोटातल्या गुठळीनंतर हा त्रास जास्त दिसतो. तो थोपवण्यासाठी सगळ्यांनाच दोन वर्षं घट्ट मोजे घालायला सांगण्याची पद्धत होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. सूज आणि जडपणा कमी वाटत असेल तर मोजे जरूर घालावेत, पण मापाचे. खरा भर औषध न चुकवण्यावर, चालण्यावर आणि वजनावर द्यावा. फुप्फुसात गुठळी गेलेल्यांपैकी थोड्यांमध्ये ती पुरती विरत नाही आणि तिथला रक्तदाब वाढत जातो. तीन महिने औषध घेऊनही धाप जात नसेल तर इको करून घ्यावा, कारण या आजारावर शस्त्रक्रियेसह चांगले उपाय आहेत.

तीन महिन्यांनंतर औषध थांबवायचं की नाही, हे गुठळी कशामुळे झाली त्यावर ठरतं. शस्त्रक्रियेसारखं मोठं आणि सरून जाणारं कारण असेल तर पुन्हा गुठळी होण्याची शक्यता पहिल्या वर्षात शंभरात एकाच्या आसपास असते. काहीच कारण नसताना झालेल्या गुठळीत औषध थांबवल्यावर ती शंभरात दहाच्या आसपास जाते, म्हणून अशा अनेकांना वर्षानुवर्षं औषध चालू ठेवावं लागतं. तुमची बहीण पहिल्या गटाच्या जवळ आहे. बाळंतपणाला किमान सहा आठवडे आणि एकूण उपचाराला किमान तीन महिने, हे दोन्ही पूर्ण झाल्यावर तिचं औषध थांबण्याची चांगली शक्यता आहे.

रक्तात जन्मजात दोष आहे का, हे बघणाऱ्या महागड्या चाचण्या आत्ता करू नका. प्रोटीन एस बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे कमी असतं, हेपरिनने अँटीथ्रॉम्बिन कमी दिसतं, वॉरफरिनने प्रोटीन सी आणि एस दोन्ही. आत्ता रिपोर्ट आला तर तो हमखास बिघडलेला येईल आणि नसलेला आजार तिच्या नावावर लागेल. घरात आई, मावशी, भाऊ यांपैकी कुणाला तरुणपणी गुठळी झाली असेल किंवा बहिणीचे वारंवार गर्भपात झाले असतील तर डॉक्टरांना ते जरूर सांगा. मग कोणती चाचणी आणि औषध थांबल्यावर किती दिवसांनी, हे ते ठरवतील.

दोन गोष्टी तिच्या कागदपत्रांच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पहिली, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तिने यापुढे घ्यायच्या नाहीत; तांबी किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं इस्ट्रोजेनविरहित साधन चालेल. वॉरफरिन चालू असताना मात्र दिवस राहू देऊ नका, कारण पहिल्या तीन महिन्यांत ते गर्भाला अपाय करतं. दुसरी, पुढच्या वेळी दिवस गेल्याचं कळताच, तिसऱ्या महिन्याची वाट न बघता, डॉक्टरांना या गुठळीबद्दल सांगायचं. त्या गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे हेपरिनची प्रतिबंधक इंजेक्शनं घ्यावी लागतील, आणि ती घेऊन बहुतेक स्त्रियांची पुढची बाळंतपणं सुखरूप होतात.